मोजणी परसदारापासून

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने काढायचे, आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईच्या पेनाने गिरवायचो, मग अमोनिया प्रिंट निघायच्या आणि शॉपवर जायच्या. एखाद्या भागाचं माप बदललं की ट्रेसिंगवरचा जुना आकडा ब्लेडने अलगद खरवडायचा, नवा लिहायचा, शेजारी छोट्या त्रिकोणात एक अक्षर टाकायचं आणि कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या तक्त्यात त्या अक्षरापुढे तारीख, बदल, कारण आणि सही. जुन्या भागांचे तक्ते ‘ए’पासून ‘के’पर्यंत चढलेले असत. जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचत बसायची. कुठलं मशीन कधी आलं, कुठला माल मिळेनासा झाला, कुणाच्या तक्रारीवरून एक छिद्र दोन मिलिमीटर सरकलं, सगळं त्यात असायचं.

पुढे कॉम्प्युटर आले, ट्रेसरची गरज संपली, मी व्हीआरएस घेतली आणि चिंचवडच्या एका सिव्हिल इंजिनिअरांकडे कामाला लागले. त्यांच्याकडे जुन्या घरांची मोजणी कुणालाच नको असायची. धूळ, वटवाघळं, कुजके जिने, आणि एवढं करून नकाशा कशासाठी, तर भावाभावांच्या वाटणीसाठी, बँकेसाठी, नाहीतर पाडण्याआधीची नोंद म्हणून. ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. चिंचवड गावठाण, भोसरी, मोशी, चाकण, खेड, तळेगाव हा माझा पट्टा. एका बाजूला गाड्यांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला दीडशे वर्षांचं घर, मध्ये टेपचं टोक धरून उभा असलेला एक मुलगा आणि मी.

बऱ्याच घरांनंतर माझी एक पद्धत ठरली. मोजणी मागून सुरू करायची. दर्शनी भाग प्रत्येक पिढीने लोकांना दाखवण्यासाठी रंगवलेला, फोडलेला, सजवलेला असतो. गोठा, बळद, न्हाणीघर, चुलीची खोली, विहिरीकाठचं छप्पर यांच्याकडे कुणी हौसेने पाहिलेलं नसतं. तिथले बदल फक्त गरजेपोटी झालेले असतात आणि त्यामुळे ते वाचायला सोपे जातात. बाई असल्याचा इथे उपयोग झाला. पुरुष मोजणीदाराला ओसरीवर बसवून चहा देतात. मला थेट माजघरात नेलं जायचं, आणि तिथे घरातली सर्वांत म्हातारी बाई हमखास भेटायची. घर कधी बांधलं हे पुरुषांना तोंडपाठ असतं. कुठली भिंत कुठल्या बाळंतपणाच्या वर्षी घातली, न्हाणीला नळ कधी आला, कुठल्या जावेने वेगळी चूल मांडली म्हणून खिडकीचं दार झालं, हे तिला माहीत असतं.

चाकणच्या बाजूचं एक घर मला सर्वांत जास्त शिकवून गेलं. गावाचं नाव घेत नाही, कारण घर अजून नांदतं आहे. रस्त्यावरून पाहिलं तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला साहेबी बंगला. गाडी थांबायला पुढे पोर्च, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, वर बिडाचा कठडा, मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, त्याच्या कडेला कातीव लाकडी झालर. आत गेलं की दहा पावलांत बंगला संपतो आणि चौकाचा वाडा सुरू होतो. सोपा, माजघर, देवघर, मध्ये उघडा चौक. बंगला म्हणजे वाड्याच्या तोंडावर नंतर चढवलेला भाग होता, आणि घरच्यांना ते ठाऊक नव्हतं. ते सगळंच एका आजोबांनी एका दमात बांधलं अशी घरातली समजूत होती.

भिंतींनी वेगळं सांगितलं. मागची भिंत पांढऱ्या मातीची, खाली दगडी जोतं, जाडी तीन फुटांच्या आसपास. पुढची भिंत चुन्यातल्या दगडाची आणि निम्म्याच जाडीची. दोन्ही जिथे भेटतात तिथे एकमेकींत सांधलेल्या नव्हत्या, नुसत्या टेकल्या होत्या. मागच्या तुळयांवर वाकसाचे घाव हाताला लागत होते. पुढच्या तुळयांवर गोल करवतीचे अर्धवर्तुळाकार ओरखडे होते, म्हणजे ते लाकूड यंत्रावर कापून आलेलं. मागच्या दारांना लाकडी आगळ आणि लोखंडी कडी, पुढच्या दारांना बिजागऱ्या आणि स्क्रू.

हे असं का, याचं उत्तर रेल्वेत आहे. भोर घाटातला मार्ग 1863 मध्ये पुरा झाला आणि मुंबई बंदरात उतरलेला माल डब्यातून न उतरवता पुण्याकडे यायला लागला. ब्रह्मदेशचं सागवान, इंग्लंडचं लोखंड, काच, बिडाचे कठडे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हलकी, एकमेकांत अडकणारी कौलं पुढच्या काही दशकांत गावोगाव पोचली. देशी कौलांच्या वजनाला जाड लाकूड लागायचं आणि दर उन्हाळ्यात ती परतावी लागायची. मंगलोरी कौलांखाली कैची घातली की मोठ्या दालनात मध्ये खांब लागत नाही. साहेबी बंगला गावात आला तो नुसता शौक म्हणून आला नाही, मालवाहतूक स्वस्त झाली म्हणून आला. तळेगाव स्टेशनवर माल उतरवायचा आणि पुढे बैलगाडीने न्यायचा, हे आसपासच्या घरांत अजून सांगतात.

या खुणांनी तारखा लावता येतात, पण त्या डोळसपणे वाचाव्या लागतात. कौलावर ‘1865’ असा छाप दिसला की मालक खूश होतो. ते वर्ष कारखाना निघाल्याचं, कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेलं असू शकतं. गर्डरवर ‘डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो’ अशी उठावदार अक्षरं असली तर तो इंग्लंडहून आलेला. ‘टाटा’ असेल तर 1912 नंतरचा, कारण जमशेदपूरचं पोलाद तेव्हापासूनचं. राखाडी, कडक, नखाने न खरवडणारा गिलावा म्हणजे सिमेंट, आणि पोरबंदरला देशी सिमेंट 1914 मध्ये निघालं तरी आपल्या खेड्यांत ते रुळायला पुढे बराच काळ गेला. लाकडी पट्टीतून नेलेली वायर म्हणजे विजेची पहिली खेप. त्या घराच्या एका आडव्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती. ती कधीची असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, “कोयनेच्या भूकंपाची.” 11 डिसेंबर 1967 ची पहाट त्यांना लख्ख आठवत होती, भांडी पडल्याचा आवाजसुद्धा. नकाशावर मी भेग काढली, शेजारी त्रिकोण काढला आणि त्यात अक्षर टाकलं. कारखान्यातली सवय हाताने आपणहून वापरली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात घराचा रिव्हिजन-तक्ता असतो. तारीख नक्की असेल तर तारीख, नाहीतर ‘अमक्याआधी’, ‘तमक्यानंतर’. सहीच्या रकान्यात कोणी सांगितलं ते.

इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या घरांबद्दल मी वाचायला लागले ते याच सुमारास. रॉबर्ट कर नावाच्या वास्तुविशारदाचं सद्‌गृहस्थाच्या घरावरचं पुस्तक 1864 मध्ये निघालं. त्यात मालकांची हालचाल आणि नोकरांची हालचाल एकमेकांत मिसळू नये यावर फार भर आहे. वेगळे जिने, वेगळी दारं, स्वयंपाकाचा वास जेवणघरात येऊ नये म्हणून लांबलेले बोळ. त्याच 1864 साली आपल्याकडे गणेशखिंडीत गव्हर्नरच्या घराचं काम सुरू झालं.

गणेशखिंड म्हणजे आताचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सांगवीचा पूल ओलांडून औंध मागे टाकलं की आलं. पिंपरी-चिंचवडच्या दारातली ही सर्वांत मोठी व्हिक्टोरियन कोठी. तिथे माझं काम कधीच नव्हतं. आधी गुणपत्रिकांच्या रांगेत उभी राहिले आणि नंतर नजर तयार झाल्यावर मुद्दाम फिरायला गेले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जेम्स ट्रबशॉ यांनी ती योजली. इटालियन धाटणी, उंच मनोरा, इथलाच काळा दगड. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांनी वाइट बेटावर ऑस्बर्न हाउस बांधलं तेव्हापासून मनोऱ्याच्या इटालियन घरांची साहेबलोकांत चाल पडली होती, तिचाच हा पुण्यातला अवतार. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, सरकारचा हात सैल होता. पुढे तो फुगा फुटला, खर्च मात्र वाढत गेला आणि फ्रिअर यांच्यावर उधळपट्टीची टीका विलायतेपर्यंत झाली. 1867 मध्ये ते परत गेले. घर पुरं झालं 1871 मध्ये. ज्याने हौसेने काढलं त्याला त्यात नांदायला मिळालं नाही, हे मी नंतर कितीतरी लहान घरांतही पाहिलं.

त्याच्याआधी गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम दापोडीला असायचा, म्हणजे थेट आपल्या हद्दीत. पेशव्यांच्या पदरच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तो बंगला. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईत ही दापोडीची पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना तो बंगला सरकारकडे आला आणि 1828 मध्ये शेजारी वनस्पतींची बाग निघाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन या बागेचे प्रमुख होते तेव्हा त्यांनी एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव कुठे नोंदलेलं नाही. चित्रं मात्र एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत आणि दापोडीच्या नावानेच ओळखली जातात. गणेशखिंडीचं काम निघालं आणि दापोडीचा बंगला सरकारने विकला. पानाची शीर न्‌ शीर ज्या काळजीने उतरवली गेली, तशी त्या बंगल्याच्या तबेल्याची नोंद कुणी केली असती तर, असं माझ्या धंद्यातल्या माणसाला वाटणारच.

गणेशखिंडीकडे मी मागच्या बाजूने पाहायला शिकले ते एका रात्रीमुळे. 22 जून 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षं पुरी झाली म्हणून तिथे मेजवानी होती. परतताना गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी प्लेग-अधिकारी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. ही गोष्ट चिंचवडच्या पोराबाळांना पाठ असते, कारण चापेकरांचा वाडा चिंचवडगावातला. मी त्या रात्रीचं दुसरं अंग पाहते. मेजवानी म्हणजे बग्ग्यांची रांग, घोड्यांना दाणापाणी, गाडीवानांची झोपायची सोय, मशालींना तेल, आचारी, वाढपी, भांडी घासणारे. त्या चमचमत्या दालनाच्या मागे माणसांचं आणि जनावरांचं एक आख्खं गाव उभं असल्याशिवाय तसली मेजवानी होत नाही. आवारातल्या दुय्यम इमारती त्या गावासाठी होत्या.

1949 मध्ये विद्यापीठ निघालं, मुकुंद रामराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि 411 एकरांच्या आवारासह ती कोठी शिक्षणाच्या हाती आली. बदल करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पावसाळ्यापुरत्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात वर्षभर रोज शेकडो माणसं येणार. दिवाणखान्यांची सभागृहं झाली, खोल्यांची कार्यालयं. वीज, पंखे, फायलींची कपाटं, स्वच्छतागृहं. अलीकडे मुख्य इमारतीचं जतनाचं कामही झालं. ते काम सुरू असताना आमच्या धंद्यात ‘मूळ रूप’ हा शब्द सारखा कानावर यायचा. मला प्रश्न पडायचा, कुठल्या वर्षाचं मूळ रूप? 1871 चं घर जसंच्या तसं परत आणलं तर त्यात राहायला गव्हर्नर कुठून आणायचा?

चापेकर वाड्याचं निराळं आहे. तिथे स्मारक आहे, आणि स्मारकाला एक काळ नेमावाच लागतो. खेडला भीमेच्या काठचा राजगुरूंचा वाडाही त्याच जातीचा. लोक तिथे एका माणसाचा काळ पाहायला जातात. पण माझ्या पट्ट्यातली बाकीची घरं कुणाचीच स्मारकं नाहीत. त्यांत माणसं राहतात, भांडतात, लग्नं लावतात. त्यांना एकच वर्ष चिकटवायचं म्हणजे बाकीच्या पिढ्यांना घराबाहेर काढण्यासारखं होतं.

चाकणच्या बाजूच्या त्या घराकडे परत येते. घराच्या मागे मोठं परसदार, त्याच्या तीन बाजूंनी इमारती. एका बाजूला बग्गीखाना, तिथे आता पिकअप टेम्पो उभा राहतो. दुसऱ्या बाजूला बळद, जाड भिंतींचं, खिडकी नसलेलं, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. ते रिकामं होऊन किती वर्षं झाली असं विचारलं. घरातल्या काकांनी सहज सांगितलं, “कुळकायदा आला न्‌ दाणे यायचे बंद झाले.” 1948 चा कूळकायदा आणि 1957 चा कृषकदिन हे मी शाळेत दोन ओळींत शिकले होते. इथे त्याचं माप माझ्या टेपमध्ये होतं. खंडाचं धान्य येईना, बळदाला काम उरेना, मग खालचं भोक फोडून दार केलं, वर झरोका पाडला आणि तिथे धाकट्या भावाचा संसार थाटला. तक्त्यात कारणाच्या रकान्यात मी ‘कूळकायदा’ लिहिलं. इंजिनिअर साहेब हसले, पण त्यांनी ते खोडलं नाही.

त्याच परसदाराच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीला लागून, हातभर रुंदीचा बोळ होता. बाहेरच्या गल्लीतून आत येणारा, घरात कुठेही न उघडणारा. खालच्या बाजूला एक ठेंगणं लोखंडी दार. घरच्यांनी “तो असाच आहे” म्हणून विषय संपवला. तो जुन्या संडासाचा बोळ होता. मैला उचलायला येणाऱ्या माणसाने घरातल्या कुणाला दिसू नये, शिवू नये, यासाठी केलेली ती खास बांधणी. विलायतेत नोकरांसाठी वेगळे जिने, आपल्याकडे जातीसाठी वेगळे बोळ. जुन्या नकाशांत या जागेवर काही लिहिलेलं नसतं, नुसती कोरी पट्टी सोडलेली असते. मी तिथे पूर्ण नाव लिहिते. एका मालकाने ते काढायला सांगितलं होतं. मी म्हटलं, जागा आहे तोवर नाव राहील. माझ्या साहेबांनी माझी बाजू घेतली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिसरी बाजू गोठ्याची. लांबलचक, बारा-तेरा खणांचा, पुढून उघडा, मागे दगडी गव्हाणी. आता तिथे एका ओळीत खोल्या. दोन खणांमध्ये विटेची भिंत, पुढे पत्र्याचं दार, वर सिमेंटचा पत्रा, प्रत्येक दाराशेजारी विजेचा छोटा मीटर, अंगणात नळांची रांग. कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारी मुलं तिथे राहतात. लातूर, नांदेड, बुलढाण्याची, बिहार-ओडिशाचीही. एका खोलीत चार-पाच जण, रात्रपाळीचे झोपलेले, दिवसपाळीचे कामावर. गव्हाणींवर फळ्या टाकून त्यांनी बॅगा ठेवायची सोय केलेली. चाकणला मोठमोठ्या वाहन कंपन्या आल्यावर आसपासच्या गावांत असे शेकडो गोठे खोल्या झाले.

पुण्याहून एक तरुण वास्तुविशारद त्या घराच्या दुरुस्तीसाठी आले. अभ्यासू, जुन्या बांधकामावर जीव असलेले. त्यांनी सगळ्यात आधी या खोल्या पाडायला सांगितल्या. गोठा मोकळा केला की परसदार खुलेल, खालच्या गव्हाणी दिसतील, घराची शान वाढेल. त्यांचं म्हणणं नजरेला पटणारंच होतं. थोरल्या सूनबाई तोपर्यंत गप्प होत्या. त्या उठून आत गेल्या, एक वही घेऊन आल्या आणि उघडून समोर ठेवली. दर उन्हाळ्यात छप्पर परतायला, कौलं बदलायला, वाळवीच्या औषधाला, कुजलेल्या सऱ्यांना किती खर्च आला ते एका बाजूला, खोल्यांचं भाडं दुसऱ्या बाजूला. त्या म्हणाल्या, “गोठ्याने वाडा सांभाळलाय. गोठा काढला तर वाडा किती पावसाळे काढेल ते तुम्हीच सांगा.”

माझ्या कामात तो दिवस वळणाचा ठरला. तोवर मी बदल टिपत होते, कोण कुणाला उचलून धरतं याचा हिशोब करत नव्हते. ज्या भागाकडे पाहून आपण नाक मुरडतो तोच बाकीच्या घराचं ओझं वाहत असतो, कधी पैशाने, कधी प्रत्यक्ष भिंतीने. इंग्लंडातली मोठी घरंसुद्धा असंच करून वाचली आहेत. तबेल्यात चहाची दुकानं, गाडीखान्यात भाडेकरू. आपल्याकडे ते काम गोठ्याने केलं, इतकंच. वास्तुविशारदांनी अखेर खोल्या ठेवल्या. सिमेंटचे पत्रे काढून कौलं घातली, हवा खेळायला वर झरोके दिले, मुलांसाठी नीट स्वच्छतागृहं बांधली. भाडं थोडं वाढलं आणि मुलं टिकली.

सगळे बदल असे गुणाचे नसतात. वाटणीच्या भिंती घराचा घात करतात हे मी पुन्हापुन्हा पाहिलं. खेडच्या बाजूला एका वाड्यात दोन भावांनी चौकाच्या मधोमध भिंत घातली होती. रागात घातलेली भिंत, पायाशिवाय. पहिल्याच मोठ्या पावसात धाकट्याच्या सोप्यात पाणी शिरलं आणि त्याला वाटलं थोरल्याने मुद्दाम केलं. कोर्टाच्या गोष्टी सुरू झाल्या. मी लेव्हलचा पाइप लावून चौकाच्या फरशीचे उतार काढले. सगळा चौक एकाच मोरीकडे उतरत होता आणि ती मोरी थोरल्याच्या वाट्याला गेली होती. जुन्या गवंड्याने चार छपरांचं पाणी एका जागी जाईल अशी फरशी बसवली होती, आणि त्याच्या हिशोबात घर एकच होतं. नकाशा दाखवल्यावर भावांनी भिंत काढली नाही, पण तिच्या बुडाशी दोन भोकं पाडली. बोलणं अजून नाही, पाणी मात्र जातं. मोजणीकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

दुसरा घातकी बदल म्हणजे सिमेंटचा गिलावा. पांढऱ्या मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि हवेत सोडते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. मग ती आतच कोंडते, वर चढते, तुळईची टोकं भिंतीत जिथे रुतलेली असतात तिथे पोचते, आणि एक दिवस वरून धड दिसणारी तुळई टोकापासून बसते. मालक म्हणतो, जुनं लाकूड होतं, गेलं. लाकूड शंभर वर्षं टिकलं होतं. गेलं ते गिलावा केल्यानंतर.

एका घरात मात्र खराब दिसणारी गोष्ट ठेवावी असं घरच्यांनीच ठरवलं. वरचा मजला नव्हता, त्याच्या जागी पत्रे होते, आणि खालच्या तुळयांचा एक बाजूचा भाग कोळशासारखा काळा. 1948 च्या जाळपोळीत, गांधीजींच्या खुनानंतर, तो मजला जळाला होता. पुढच्या पिढीकडे तो पुन्हा उभारण्याइतका पैसा नव्हता म्हणून पत्रे आले. नातवाने चांगली नोकरी लागल्यावर घर दुरुस्त करायला घेतलं. सुताराने तुळया तासून पॉलिश करू असं सांगितलं. लाकूड आतून भक्कम होतं, मीही टोचून पाहिलं होतं. नातू म्हणाला, तासू नका. गावातली ती मंडळी आणि आम्ही आता एकाच पंगतीला बसतो, पण घराने जे सोसलं ते पुसायचं नाही. तो रागाने बोलत नव्हता. मी तक्त्यात वर्ष लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात त्याला विचारूनच एक शब्द घातला.

आता मोजणीचा धंदा पुष्कळ बदलला आहे. लेसरचं यंत्र एका बटणात अंतर सांगतं, स्कॅनर आख्खी खोली काही मिनिटांत टिपतो. मुलं माझ्यापेक्षा कितीतरी अचूक काम करतात. पण यंत्र भिंत कुठे आहे ते सांगतं, भिंत आधी की खिडकी आधी हे सांगत नाही. त्यासाठी अजून सांध्यात बोट घालावं लागतं, लाकडावरचे घाव चाचपावे लागतात आणि माजघरात बसून आजींचं बोलणं मध्ये न तोडता ऐकावं लागतं. शिकाऊ मुलांना मी आधी परसदारी पाठवते. ती कंटाळतात. त्यांना कमानी आणि कठडे काढायचे असतात. गव्हाणीचा दगड, मोरीचा उतार, चुलीमागची काजळी, न्हाणीतला दगडी रांजण काढून झाल्यावरच मी त्यांना पुढच्या दारी येऊ देते.

गावठाणांत आता पुनर्विकासाची लाट आहे. माझ्या नकाशांतली बरीच घरं पडली आणि आणखी पडतील. मी त्याविरुद्ध मोर्चा काढणारी बाई नाही. पाच भावांची चौदा मुलं एका चौकात मावत नाहीत, त्यांना फ्लॅट हवेत आणि तो हक्काचा विचार आहे. ज्यांच्या घरात असं काही उभं आहे त्यांना एवढंच सांगते: गिलावा करायचा तर चुन्याचा करा, वाटणीची भिंत घालायच्या आधी पाणी कुठे जातं ते पाहा, आणि भाडेकरूंच्या खोल्यांना लाजू नका. पाडायचंच ठरलं तर पाडा, पण आधी गोठ्यासकट, बळदासकट, त्या नाव नसलेल्या बोळासकट मोजून घ्या. सागवान विकत घेणारा व्यापारी तुळयांचे रोख पैसे मोजून देतो. त्यातल्या एका लहानशा हिश्श्यात आख्ख्या घराचा नकाशा होतो.